एक फोन, मग तीन

लातूर
२७ नोव्हेंबर २०२३

प्रिय अश्वजित,

सप्रेम जयभीम. हा कागद तुला आजच्या ‘तेरणाकाठ’च्या आतल्या पानात सापडेल. घाबरू नकोस, टपालानं काही पाठवलेलं नाही आणि फोनचं तर नावच नको. नांदेडचं पार्सल रोज एसटीनं जातं, त्यातल्या एका अंकावर मी निळ्या पेनानं तुझा घर नंबर टाकलाय. स्टँडवरच्या सरजाबाईंना निरोप आहे की तो अंक दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. पंधरा वर्षं त्या आपला पेपर विकतात. त्यांनी कारण विचारलं नाही.

तू अजून पेपर बंद केलेला नाहीस. तेवढ्याच जोरावर लिहितोय.

तुझ्या निलंबनाची खबर मला आपल्या नांदेडच्या वार्ताहराकडून कळली. चार ओळी करून पाठवल्या होत्या त्यानं, अमुक कार्यालयातील अव्वल कारकून निलंबित म्हणून. मी ती बातमी लावली नाही. संपादक झाल्यापासून मी मुद्दाम पाडलेली ही पहिली खरी बातमी असावी. खाली त्यानं आपलेपणानं एक ओळ जोडली होती, ती छापण्यासाठी नव्हती. ‘इकडं सगळे म्हणून राहिलेत की संपादकसाहेबांनी दोन दिवसांत नाव सांगून टाकलं.’

तूही तसंच समजत असशील, म्हणून आधी हे लिहितो. मी तुझं नाव घेतलेलं नाही.

यादी आपण चोवीस सप्टेंबरला छापली. शिकवणीच्या भागात चौकाचौकांत कॅमेरे बसले ते मुलामुलींच्या सुरक्षेसाठी, असं फलकावर लिहिलेलं आहे. तू दिलेल्या कागदात मात्र एक्केचाळीस लोकांची नावं होती. कोण कुठल्या टपरीवर कुणाबरोबर चहा प्यायला, कुणाच्या फोनवरून कुणाला किती फोन गेले, सगळं तारीखवार. पाळतीच्या मंजुरीचा रकाना तेवढा कोरा. एक निवृत्त प्राध्यापक, एक वकील, हमालांचे एक पुढारी, सत्ताविसाव्या नंबरवर मी. आणि धर्माबादची इरा, अठरा वर्षांची, डॉक्टर व्हायला लातुरात आलेली. होस्टेलच्या मुलींचा मोर्चा काढला एवढाच तिचा गुन्हा. ती फाइल तुझ्या टेबलावरून जात होती म्हणून तुझ्या नजरेस पडली. तू लातूरला आलास, जेवलास, शिवकांताच्या भाकरीची तारीफ केलीस आणि पिशवीतल्या मेथीच्या जुडीखालून तो कागद काढून दिलास. निघताना चप्पल घालता घालता म्हणालास, “विरूपाक्षा, आता फोन न्हाई. जूनात रिटायर होऊन राहिलो. तेवढं पार पडू दे, मग लई बोलू.” मी “हाव” म्हणालो होतो.

पाच ऑक्टोबरला पोलीस ऑफिसात आले. माझा फोन आणि दोन्ही कॉम्प्युटर नेले. मग तीन दिवस मला बोलावून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. अधिकारी तरुण होता, अदबीनं बोलत होता, चहा पाजत होता. “साहेब, एक नाव सांगा न् घरी जावा.” मी त्याला पेपर कसा काढतात ते सांगितलं, उदगीरच्या किल्ल्याचा इतिहास सांगितला, माझ्या मूळव्याधीबद्दलही सांगितलं. नाव सांगितलं नाही. चौथ्या दिवशी बोलावणंच आलं नाही. मी शिवकांताला म्हणालो, दमले बघ. त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि दुपारी गाढ झोपलो.

त्यांनी विचारायचं थांबवलं कारण त्यांना आता विचारायची गरज उरली नव्हती, हे मला एका महिन्यानं कळलं. कसं कळलं त्यांना, मला ठाऊक नाही. यंत्रं आहेत त्यांच्याकडे, काहीही करतात.

वाचून जाळून टाक.

तुझा,
विरूपाक्ष


लातूर
१७ जानेवारी २०२४

प्रिय अश्वजित,

सप्रेम जयभीम. परवा तुझी बुद्धप्रिया येऊन गेली. तुला सांगून आली होती की नाही, मी विचारलं नाही.

त्याआधी माझं थोडं सांगतो, कारण सांगायला दुसरं कुणी नाही. शिवकांता दिवाळीनंतर पुण्याला मुलाकडे गेली, नातवाला सांभाळायला. रुसून वगैरे नाही. पण इथं दाराशी रोज एक मोटरसायकल उभी असायची, तिचा माणूस रोज वेगळा, आणि तिला भाजीला जायचीही धास्ती वाटायला लागली होती. संध्याकाळी तिचा फोन येतो. ऐकणारे ऐकत असणार म्हणून आम्ही फक्त भाजीचं बोलतो. आज काय केलंस, वांगं. कसं झालं, बरं झालं. पस्तीस वर्षांच्या संसारात वांग्यावर इतकं बोलणं झालं नव्हतं. ऐकणाऱ्याला आता भरल्या वांग्याची कृती पाठ झाली असेल.

ऑफिसात कुणी येत नाही. येतात ते आपला फोन बाहेर गाडीच्या डिकीत ठेवून येतात आणि खुर्चीच्या काठावर बसतात. उदगीरला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. वाढपी आला, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं आणि माझ्या पानात दोन जिलब्या जास्त टाकून गेला. मी त्या खाल्ल्या. जाहिराती तर गेल्याच. क्लासवाल्यांच्या गुणवंतांचे फोटो हे आपल्या पेपराचं निम्मं अंग होतं, ते गळालं. सरकारी जाहिराती तर ऑक्टोबरातच बंद झाल्या, कारण लेखी नाही. पेपर आता चार पानांचा निघतो. बातम्या लिहायच्या मी, तपासायच्या मी, आणि छापून आल्यावर वाचायच्याही बहुतेक मीच.

तर बुद्धप्रिया. दोन वर्षं आमच्या घरात राहून अकरावी-बारावी केलेली पोर. आज नांदेडात क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, पण दारात आली की अजून आधी स्वयंपाकघरात डोकावते. या वेळी डोकावली नाही. पर्समधून तुझ्या दोषारोपपत्राची झेरॉक्स काढली आणि शेवटचं पान माझ्यापुढं ठेवलं.

“काका, हे काय हाय?”

चार ओळी होत्या. तीस सप्टेंबर, सकाळी आठ वाजून बारा मिनिटं, माझ्या नंबरावरून तुझ्या नंबरावर. मग त्याच दिवशी दुपारी एक आणि संध्याकाळी एक, एक ऑक्टोबरच्या सकाळी एक, हे तिन्ही तुझ्या नंबरावरून माझ्या. यादी छापल्यापासून माझ्या फोनवर नांदेडहून आलेले आणि गेलेले एवढेच फोन. त्यांनी नंबर कुणाचा ते पाहिलं, मग तो माणूस कुठल्या टेबलावर बसतो ते पाहिलं. यंत्राला यात फार काही करावं लागलं नाही.

तुला हे पान नोव्हेंबरातच मिळालं असणार. म्हणजे मी पहिल्या पत्रात ‘कसं कळलं ठाऊक नाही’ असं लिहिलं ते वाचताना तुझ्या हातात उत्तर होतं. ठाऊक मलाही होतं, अश्वजित. अंदाज होता. लिहवलं नाही.

पोरीला मी कोंडाबाईचं सांगितलं. तिला पूर्ण कधी ठाऊक नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपात तू तहसीलचा नवा कारकून आणि मी एका पेपरचा वार्ताहर. किल्लारीच्या बाजूच्या त्या गावात पत्र्याच्या पेटीवर बसून तू गेलेल्यांची यादी लिहायचास आणि मी ती उतरवून छापायचो. तिसऱ्या दिवशी एक बाई पेपर हातात धरून तुझ्यापुढं उभी राहिली. “मी जिती हाय. माझं नाव खोडा.” ती लेकीकडे उदगीरला गेली होती. घर गेलं, घरातली माणसं गेली, आणि पेपरात तिचंही नाव. तू नाव खोडलंस, पेटीवरून उठलास, आणि मग दोन दिवस आपण तंबूतंबूतून फिरून सगळी यादी पुन्हा केली. तेव्हापासून दर तीस सप्टेंबरला स्मारकापाशी श्रद्धांजली झाली की मी कोंडाबाईच्या घरी जातो आणि तिथून तुला फोन लावतो. “कोंडाबाई हाय.” तू म्हणतोस, “हाय ना? मग यादी बरोबर हाय.” झालं. आधी बूथवरून, मग मोबाइलवरून, तीस वर्षं. आपल्या धंद्यातली सगळी शपथ त्या एका फोनात आहे असं मी मानत आलो.

“पण या साली करायचा न्हाई असं ठरलं होतं ना?” बुद्धप्रिया म्हणाली.

मी म्हणालो, कोंडाबाईला दवाखान्यात नेलं होतं, बाई जाते की राहते असं झालं होतं, तुझ्या बाबाला न सांगून कसं चाललं असतं. तिनं कागदाची घडी केली. मी तिळाच्या वड्यांचा डबा पुढं केला, शिवकांतानं पुण्याहून पाठवलेल्या. तिनं एकही घेतली नाही. “येते काका,” म्हणाली आणि गेली.

तुझा,
विरूपाक्ष


लातूर
३ मार्च २०२४

प्रिय अश्वजित,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता तिसऱ्यांदा लिहितो ते न वाचता पार्सलात टाकणार आहे.

कोंडाबाई आजारी नव्हती.

तीस सप्टेंबरला मी तिच्या घरी गेलोच नाही. स्मारकापाशीसुद्धा गेलो नाही. तिसाव्या वर्षाचा मोठा कार्यक्रम होता, मंडप होता, आणि मला बघून चार लोक तोंड फिरवतील याची भीती वाटली. मी घरी खाटेवर बसून होतो. फोन पुढ्यात होता.

तुला हे नीट सांगायला हवं. यादी छापली त्या रविवारी मी पहाटेपासून तयार होऊन बसलो होतो. वाटलं होतं, आता फोन थांबायचा नाही. आपण केवढं काम केलंय. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कौतुकाची हाव नसावी म्हणतात, मला होती. फोन वाजलाच नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. रोज दोनशे फोन यायचे रे मला. नळाला पाणी नाही म्हणून यायचे, मुलाचा फोटो उलटा छापला म्हणून शिव्या द्यायला यायचे. सगळं बंद. माझा नंबर त्या यादीत आहे हे मीच छापलं होतं. मग मला फोन करून स्वतःचं नाव कोण कशाला लावून घेईल? सहा दिवसांत एकच फोन आला, तोही कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलीचा, आणि मी तिच्याशी अकरा मिनिटं बोललो.

सातव्या दिवशी तीस तारीख होती. सबब हाती होती, मी फोन लावला.

तू उचललास आणि नुसतं “हं” म्हणालास. मग म्हणालास, “कशाला केलास?” तो आवाज मला सहन झाला नाही. वाटलं, हाही ठेवून देणार. तेव्हा तोंडातून निघून गेलं की कोंडाबाईला दवाखान्यात नेलंय. आणि तू लगेच बदललास. “काय झालं रे तिला? कोण हाय तिच्यापाशी?” इतक्या दिवसांत कुणी माझ्याशी इतक्या मायेनं बोललं नव्हतं. ती माया माझ्यासाठी नव्हती, तरी मी ती घेतली.

मग तू दुपारी फोन केलास. तेव्हा खरं सांगता आलं असतं, फोन करू नको म्हणता आलं असतं. मी म्हणालो, जरा बरी आहे. तू संध्याकाळी केलास. मी म्हणालो, सलाइन लावलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी केलास, तेव्हा मी तिला घरी आणली. तू म्हणालास, “वाचली म्हणायची.” तिन्ही वेळा तुझं नाव फोनवर उमटलं तेव्हा मला बरं वाटलं, अश्वजित. तिन्ही वेळा.

माझा एकच फोन असता तर तू चौकशीत सांगू शकला असतास की हा रिवाज आहे, मागची तीस वर्षं काढून बघा, दर साली याच तारखेला एकच फोन सापडेल. चार झाल्यावर रिवाज कसला राहतो? ते तीन तू एका म्हातारीच्या काळजीनं केलेस आणि ती म्हातारी त्या वेळी अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी दिवाळीनंतर जाऊन विचारून आलो. ती म्हणाली, “मला काय धाड भरली?” आणि मग तुझं विचारलं. तू बरा आहेस म्हणून सांगितलं.

माझ्या धंद्यात एकच गोष्ट सांभाळायची असते. कागद देणारा माणूस. यंत्रांना, सरकारला शिव्या घालणं सोपं आहे आणि त्या मी घालतोच, त्यांनी माझ्या फोनात तोंड खुपसलं नसतं तर यातलं काही झालं नसतं. पण ते तोंड तिथं आहे हे मला ठाऊक होतं. मीच ते छापलं होतं.

माफ कर असं लिहीत नाही. तू पेपर बंद केलास तर समजून घेईन.

विरूपाक्ष


लातूर
२८ मे २०२४

प्रिय अश्वजित,

सप्रेम जयभीम. पेपर बंद झालेला नाही. सरजाबाईंना मी निरोप धाडून विचारलं, तर उत्तर आलं, “येतेत, घेतेत, जातेत. बोलत न्हाईत.”

आज कामाचं लिहितो. परवा आप्पासाहेब आले होते. तुला नाव माहीत असेल, तीन क्लास, चार होस्टेल आणि वर कुठवर ओळखी ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पूर्वी निकालाच्या दिवसांत आपलं पहिलं पान त्यांच्या पोरांच्या फोटोंनी भरलेलं असायचं. आठ महिन्यांनी माझ्या ऑफिसात कुणीतरी खुर्चीवर पाठ टेकून बसलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचाही आनंद झाला.

खिशातून एक टाइप केलेला कागद काढून त्यांनी टेबलावर सारला. ‘दि. २४ सप्टेंबरच्या अंकात प्रसिद्ध झालेली यादी बनावट असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. खातरजमा न करता ती प्रसिद्ध केल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. संपादक.’

“पाच ओळींचं काम हाय, साहेब,” ते म्हणाले. “कागदच खोटा निघाला म्हणल्यावर कुणी दिला न् कुणी घेतला हा सवालच राहत न्हाई. तुमच्या नांदेडच्या दोस्ताची चौकशी बंद. तीस जूनला हार घालून घरी जातील, पेन्शन चालू. तुमचाबी पेपर पुन्हा चालंल. कुणाचं काय गेलं?”

मी विचार करतो म्हणालो. ते म्हणाले, रविवारपर्यंत करा.

त्यांच्या जागी दुसऱ्या दिवशी इरा येऊन बसली, यादीतली. दाराशी मोटरसायकल आहे हे पाहूनही आली. घरच्यांनी तिला ऑक्टोबरातच धर्माबादला परत नेलं. ती कुठल्या मुलाबरोबर रस्त्यानं चालली याचे कॅमेऱ्यातले फोटो कुणीतरी वडिलांच्या मोबाइलवर पाठवले होते. तो तिचा मावसभाऊ होता. ते सांगून उपयोग झाला नाही. परीक्षेचा अभ्यास तिनं घरी बसून केला. तिला कोर्टात जायचंय, वकील मिळालाय, आणि त्या यादीशिवाय तिच्यापाशी काही नाही. “सर, ती यादी खरी हाय ना?” तिनं विचारलं. “पप्पा म्हणतेत पेपरवाले काहीबी छापतेत.” मी खरी आहे म्हणालो. ती गेल्यावर आप्पासाहेबांचा कागद ड्रॉवरमधून काढला आणि पुन्हा वाचला.

मी ठरवलंय. छापतो. पहिल्या पानावर खाली डावीकडे चौकट लावून ठेवली आहे. एक्केचाळीस लोकांना मी तोंडघशी पाडीन, त्या पोरीला तर फारच. पण त्यांच्यातल्या कुणाला मी फोन केला नव्हता, आणि तुला केला होता. तीस जूनला आता तुझे तेहतीसच दिवस उरलेत. ती नोकरी तुला कशी लागली ते मला ठाऊक आहे. घरातला पहिला शिकलेला तू, तुझ्या आईनं गावभर पेढे वाटले होते, वाटायला घरोघर गेली होती, आणि काही घरांनी ते पेढे बाहेरच्या ओट्यावर ठेवून घेतले होते. तू मला हे एकदाच सांगितलंस. माझ्यामुळं ती नोकरी अशी जाऊ द्यायची नाही.

तुला उत्तर द्यायची गरज नाही. तुझ्याकडून काही आलं नाही तर रविवारी छापून मोकळा होतो.

तुझा,
विरूपाक्ष


लातूर
३ जून २०२४

प्रिय अश्वजित,

बुद्धप्रिया शनिवारी दुपारी आली. उन्हातनं आली होती, आधी माठातलं पाणी घेऊन प्यायली आणि मग उभ्यानंच म्हणाली, “काका, पानावरून ते काढा. बाबांनी काल लिहून दिलं.”

तुझ्या जबाबाची नक्कल तिनं माझ्या हातात दिली. तुझं ते सरळ कारकुनी अक्षर. ‘सदर कागद खरा आहे. तो मी कार्यालयीन फाइलमधून स्वतः काढला व माझ्या मर्जीने दिला. त्यात बनावट काही नाही. सबब कागद खोटा ठरविण्यासाठी कोणावरही दबाव आणू नये.’ आणि त्याखाली, वेगळी ओळ करून, ‘संपादकांनी माझे नाव कोणासही सांगितलेले नाही.’

मी ती ओळ उभ्यानं वाचली, मग खुर्चीवर बसून वाचली. पोरीसमोर रडायचं नव्हतं, पण रडलो. तिनं स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. दोघांनी प्यायला. मी विचारलं, बाबा माझी पत्रं वाचतो का? “वाचतेत की. जाळायच्या आधी दोनदा वाचतेत.” मग तू आणखी काय म्हणालास, ते विचारलं. तिला सांगायचं नव्हतं. शेवटी कपाकडे बघत म्हणाली, “म्हणले, काकाला सांग, आता लिहू नका.”

म्हणून हे शेवटचं. यातलं एक तुला माझ्याकडून कळायला हवं.

अठ्ठावीस तारखेचं पत्र मी लिहिलं तेव्हा छापायचं ठरवलंय असं त्यात म्हणालो. खरोखर ठरवलं असतं तर मी तुला कळवलं नसतं. गुपचूप छापलं असतं, तू सकाळी वाचून मला शिव्या दिल्या असत्यास, आणि तुझी नोकरी वाचली असती. मी आधी कळवलं, कारण तू नको म्हणशील हे मला माहीत होतं. यादी चुकलेली तुला चालत नाही हे तीस वर्षांपूर्वी तंबूतंबूतून फिरताना पाहिलं आहे. पेपरही राहावा, माझा शब्दही राहावा आणि किंमत दुसऱ्या कुणी मोजावी, असं मला हवं होतं. लिहिताना हे मला कळत नव्हतं असं म्हणायला आवडलं असतं. थोडं कळत होतं.

बुद्धप्रिया म्हणाली की आता बडतर्फच करतील. पेन्शन नाही, हार नाही. ती म्हणाली, बाबा शांत हायत. तुला शांत बसलेलं मी पाहिलेलं आहे. त्यावरून काही समजत नाही.

रविवारच्या पानावरची चौकट मी काढली नाही, मजकूर बदलला. तुझ्या त्या ओळीमुळं नांदेडात आता सगळे म्हणतील की संपादकानं दम धरला. ते मला घेता येईना. मी असं छापलं: ‘२४ सप्टेंबरची यादी खरी आहे. ती देणाऱ्या व्यक्तीने तसे लेखी कळवले आहे. त्या व्यक्तीचे नाव आम्ही सांगितले नाही, परंतु संपादकाने दिलेला शब्द मोडून त्या व्यक्तीस स्वतःच्या फोनवरून फोन केला, तोही खोटे कारण सांगून, आणि त्यावरून ती व्यक्ती ओळखली गेली. ज्यांना या वर्तमानपत्राकडे कागद आणून द्यावयाचे असतील त्यांनी हे लक्षात घ्यावे. संपादक.’

शिवकांतानं पुण्यात मोबाइलवर वाचलं. संध्याकाळी तिचा फोन आला. आज काय केलंस, म्हणाली. मी म्हणालो, काही नाही केलं.

इराच्या वकिलानं अंकाच्या पाच प्रती नेल्या. दुसरं कुणी आलेलं नाही. आता कागद घेऊन माझ्याकडे कोण येईल? येऊ नये. मीही कुणाला ये म्हणणार नाही. पेपर निघत राहील, नळाच्या पाण्याचं आणि मुलांच्या निकालाचं छापत राहील, तेही खरं असलं तरच.

छापायच्या आधी पान लावणारा पोरगा विचारत होता, सर, नाव टाकायचं का, त्यांनी स्वतःच सांगितलंय, सगळ्या नांदेडला माहीत झालंय. मी नको म्हणालो. तुझं नाव तू सांगितलंस, तो तुझा अधिकार होता. माझ्या पेपरात ते कधी येणार नाही.

विरूपाक्ष